सनईच्या आधीचा आवाज

माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या घरात आहे. तीत सासरचे सगळे आहेत, माहेरचे बहुतेक आहेत, आणि ज्यांना आमंत्रण नव्हतं असेही दोघे-तिघे जेवणाच्या पंगतीत सापडतात. माझी आई मात्र एकाही दृश्यात नाही. ती त्या दिवशी कार्यालयात नव्हती असं नव्हे. कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर होती, आणि काही दिवस तिचा आवाज त्या कॅसेटमध्ये होता. तो कसा गेला ते मला एकदा लिहून ठेवायचंय. आमच्याकडे ही हकिगत अलीकडे पाहुण्यांना गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही, आणि तसं तोंडावर सांगितलं की माझ्या स्वभावाचा विषय निघतो.

आम्ही मूळचे कराडकडचे. वडील पिंपरीला एका कारखान्यात लेथवर होते. मी शाळेत असतानाच काविळीनं गेले. आई मग औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली आणि आम्ही मायलेकी पिंपरी गावातल्या दोन खोल्यांत राहिलो. वडील गेल्यावर आईनं जे काही सोडायचं म्हणून सोडलं त्यात फोटोही होता. शेजारच्या बारशात, कंपनीच्या हळदीकुंकवात, कुणी फोटोवाला उभा राहिला की ही तिथून नाहीशी. तिचा त्यानंतरचा एकच फोटो होता, कारखान्याच्या गेटपासवरचा. तो नाइलाजाचा.

लग्नकार्यात ती गेली की आधी काम शोधायची. तांदूळ निवडणं, नारळ मोजून ठेवणं, चपलांवर लक्ष ठेवणं. मी लहानपणी समजायचे की आईला कामाची हौस आहे. पुढे कळलं की हातात काम असलेल्या बाईला कुणी 'तुम्ही जरा मागं थांबा' म्हणत नाही. ते वाक्य ऐकायला लागू नये म्हणून ती आधीच मागं जाऊन काम धरून बसायची. मला याचा इतका संताप यायचा की मी तिच्यावरच ओरडायचे. ती म्हणायची, "तुज्या नाकावरचा राग उतरला की सांग, तवर मी भांडी घासती."

माझं लग्न ठरलं तेव्हा मी महापालिकेच्या शाळेत नुकती शिकवायला लागले होते. आमचे हे आकुर्डीच्या एका कंपनीत टूलरूमला. निगडीला प्राधिकरणात त्यांचं घर, अजून गिलावा ओला असलेलं. यांचे थोरले काका चाकणच्या बाजारात कांद्याची आडत चालवायचे. मोठा आवाज, मोठं मन, आणि दोन्ही कुठं आवरायचं याचा पत्ता नाही. हुंडा नको, मानपान नको, हे सगळं तेच ठरवून गेले, आणि जाता जाता दारात वळून म्हणाले, "पोराच्या लग्नाचा व्हिडिओ काढायचाय बरं का. त्याचं सगळं माज्याकडं लागलं."

तोवर आमच्या भागात व्हिडिओ म्हणजे एखाद्या गाळ्याच्या खिडक्यांना चादरी लावून सिनेमा दाखवायचं यंत्र. लग्नाचा व्हिडिओ आम्ही फक्त ऐकून होतो. माझ्या मामीला वाटलं, लग्नात सिनेमा दाखवणार. तिला समजावण्यात एक दुपार गेली.

मला मात्र त्या व्हिडिओचा लोभ सुटला, आणि तो एकाच कारणासाठी. फोटोवाला बटण दाबायच्या आधी 'इकडं बघा' म्हणतो, तेवढ्यात आई पसार होते. हा माणूस तर सारखा फिरणार, सारखं काढत राहणार. यात ती कधी ना कधी सापडणारच. मला ती हवी होती. चालणारी, बोलणारी, पदर खोचून कुणाला तरी पाणी देणारी. सासरी गेल्यावर मला बघायला माझी आई हवी होती, इतकंच.

तिला सांगितलं तर म्हणाली, "मला कशाला त्यात? मी काय सवाष्ण हाय?"

"व्हिडिओत सवाष्ण असावं लागत नाही," मी म्हणाले.

"आगं, उद्या तुज्या सासरची मानसं बघत बसनार. पयलं दर्शन माजं कशाला त्यास्नी?"

मामीनं आणखी एक खोडा घातला. कन्यादान मामा-मामी करणार हे ठरलंच होतं. आता ती म्हणाली की मुलीच्या आईनं मंगलाष्टकं तशीही बघायची नसतात, तिनं त्या वेळी तुळशीपाशी बसायचं. म्हणजे आईला एकीकडून विधवा म्हणून बंदी आणि दुसरीकडून आई म्हणून. मी तोंड उघडणार इतक्यात आईनंच मान डोलावली. "न्हाई बघत," ती म्हणाली. "मागनं व्हिडिओत बघीन की. तितं काय शास्त्राची आडकाठी न्हाई." आणि स्वतःच हसली. तिला तो तोडगा इतका आवडला होता की पॅकिंगमधल्या बायकांना तिनं तो दोन-चारदा सांगितला.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. व्हिडिओवाला चिंचवडचा होता, आधी फोटो स्टुडिओच चालवायचा. शाळा सुटल्यावर त्याच्या दुकानात गेले. त्यानं मोठ्या कौतुकानं सगळं सामान काचेच्या टेबलावर मांडून दाखवलं. कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, पण कॅमेऱ्यात कॅसेट नाही. कॅसेट घालायचं यंत्र वेगळं, छोट्या सुटकेसएवढं, पट्टा लावून दुसऱ्या खांद्याला अडकवायचं. दोघांना जोडणारी केबल बोटाएवढी जाड. बॅटरी होती, पण ती मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत मान टाकायची, म्हणून यंत्राची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत ओढत न्यायची. आवाजासाठी कॅमेऱ्याच्या नाकावर एक काळा दांडुका. आणि वर स्टँडवर हॅलोजनचा दिवा, ज्याच्यासमोर उभं राहिलं की पापड भाजावा तसा चेहरा भाजायचा. त्यानं मला कॅमेऱ्याच्या भिंगात डोळा लावायला दिला. आत सगळं काळं-पांढरं दिसत होतं. रंग कॅसेटमध्ये उतरतात, आम्हाला दिसत नाहीत, असं तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, "माझ्या आईला घ्या. तिला न सांगता."

"घेतो की ताई. पण हा कॅमेरा अंधारात आंधळा आहे. मागच्या रांगेतला माणूस नुसता डाग दिसतो. दिवा तिकडं फिरवला की त्यांना कळणारच."

"कळू दे. तोवर तुमचं झालेलं असेल."

तो बरं म्हणाला. मी निर्धास्त झाले.

लग्नाच्या दिवशी बोहल्यावर चढले आणि तो दिवा लागला. त्यानंतर मला समोरचं काही म्हणजे काही दिसलं नाही. उजेडाची एक पांढरी भिंत, तिच्यामागून माणसांचा गलका, आणि नाकाच्या शेंड्यावरून ओघळणारा घाम. मामा-मामी दिसत होते, भटजींचे हात दिसत होते. आई कुठं दिसेना. मी धरून चालले की ती मामीचं ऐकून तुळशीपाशी जाऊन बसली. माझ्या डोक्यात इतका राग होता की अंतरपाट कधी बाजूला झाला तेही मला धड कळलं नाही. लग्नाच्या दिवसाची माझी खरी आठवण विचाराल तर ती राग आणि उकाडा एवढीच आहे.

खरं काय झालं ते मला नंतर समजलं. बोहल्याजवळचा प्लग बंद निघाला. मग वायर थेट स्वयंपाकघराच्या दारापासून ओढावी लागली. पोरंटोरं तीत पाय अडकवायची, प्लग निसटायचा, यंत्र बंद पडायचं, आणि व्हिडिओवाला डोक्याला हात लावायचा. असं दोनदा झाल्यावर आई पुढं आली आणि म्हणाली, "मी बसती वायरीपाशी." झालं. तिला काम मिळालं. पाट घेऊन ती त्याच्या पायाशी बसली, वायर गुडघ्याखाली धरून. कुणी तिला हटकलं नाही. वायर सांभाळणाऱ्या बाईला कोण काय म्हणणार. आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर मामीला दिलेला शब्दही तिनं पाळला. मान वर केली नाही, डोळे वायरीवर ठेवले. माझं लग्न माझ्या आईनं माझ्यापासून पाच-सहा हातांवर बसून, खाली बघत काढलं.

व्हिडिओवाल्यानं त्याचा शब्द पाळायचा प्रयत्न केला होता म्हणे. पण ती इतकी जवळ की कॅमेऱ्यात मावेना, आणि तो मागं सरकला की तीही पाट घेऊन त्याच्या मागं सरकायची. वायर त्याच्यामागंच ना.

हे सगळं मला कसं कळलं, तर कॅसेटमधून, आणि थोडं व्हिडिओवाल्याच्या तोंडून. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी एका रविवारी काकांनी चाकणहून त्यांचा नवा रंगीत टीव्ही टेम्पोत घालून, गोधडीत गुंडाळून आणला. व्हिडिओवाला यंत्र घेऊन आला. निगडीच्या आमच्या पुढच्या खोलीत सासरचं सगळं गोत जमलं. आई नव्हती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, हाही नेम तिनं धरलेला होताच. नेम धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कॅसेट सुरू झाली. आधी कार्यालयाची पाटी, मग रांगोळी, मग लोक. प्रत्येकजण स्वतःला शोधत होता आणि सापडला की जीभ चावत होता. आणि मध्येच एक आवाज आला, इतका जवळून की सगळ्यांनी मागं वळून बघितलं.

"बाळा, वायरीवरनं उतर. पडशीला."

मी ताठ झाले. पडद्यावर सासूबाईंच्या मावशी चालत होत्या आणि आवाज माझ्या आईचा होता. कॅमेऱ्याच्या नाकावरच्या त्या दांडुक्याला सगळ्यात जवळचं माणूस तीच होती. बाकीचं कार्यालय लांबून गुणगुणल्यासारखं ऐकू येत होतं, भटजींचा आवाज कर्ण्यातून फाटत होता, आणि आई मात्र कानाशी बसून बोलावं तशी.

"दादा, त्या हिरव्या शालूतल्या बाईंना घ्या. मगापास्नं पदर सावरत्यात बिचाऱ्या."

"मावशी, मला हिरवा-निळा काही दिसत नाही, काळं-पांढरं दिसतं."

"मंग त्या जाड बाई."

खोलीत हशा पिकला. जाड बाई म्हणजे यांच्या आत्याबाई, त्याही हसल्या. मीही हसले. मग मंगलाष्टकं सुरू झाली. पडद्यावर मी, खाली मान घातलेली. आणि त्याच्यावर, हळू आवाजात, ती दोघं.

"आता काय चाललंय?"

"अंतरपाट धरलाय अजून."

"आनि आता?"

"आता काढला. हार घालतायत."

"जावई उंच हाईत. तिचा हात पुरतोय का?"

"ते वाकलेत, मावशी. पुरला."

"वाकले व्हय." मग जरा वेळ काहीच नाही. नुसता टाळ्यांचा आवाज. मग, "ती रडती का?"

"नाही. खाली बघतेय."

"बरं."

त्या माणसानं माझ्या आईला माझं लग्न सांगितलं होतं. डोळा भिंगाला लावून, हात न हलवता, एकेक गोष्ट. त्यानंतर पडद्यावर काय झालं ते मला नीट दिसलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. बाहेर 'हात पुरतोय का' वरून परत हसणं चाललं होतं. कुणी वाईट हेतूनं हसत नव्हतं, हे मला आजही मान्य आहे.

काकांचं बोलणं मात्र आत ऐकू आलं. ते व्हिडिओवाल्याला म्हणत होते, "राव, ह्याच्यात सनई पायजे. लग्न हाय का बाजार? उद्या चार मान्सं बघत्याल आन् विहीनबाईचं बोलनं ऐकत्याल, तर त्यान्लाच कसंतरी व्हईल. झाकून टाका समदं सनईनं."

"टाकता येईल," व्हिडिओवाला म्हणाला. "हल्ली सगळे तसंच करून घेतात."

यांना मी मोरीपाशी गाठलं. नवी नवरी, घर भरलेलं, मोठ्यानं बोलायची सोय नाही. म्हटलं, ते आहे तसं राहू दे, मला आईचा आवाज हवाय. हे म्हणाले, "एवढंच ना? मी सांगतो काकांना. त्यांना काय त्याचं." आणि ते खरंच सांगणार होते. पण त्यांची दुसरी शिफ्ट होती. कपडे बदलून ते कंपनीच्या बसकडे पळाले, आणि रात्री म्हणाले की उद्या निरोप देतो. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या टेम्पोवाल्याकडे चिठ्ठी दिली. टेम्पो चाकणला पोचला तेव्हा काका कॅसेट घेऊन चिंचवडला गेलेले. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं.

कॅसेट परत आली ती चकचकीत वेष्टनात, वर आमचा दोघांचा फोटो चिकटवून. काकांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा त्यांचा चेहरा इतका फुललेला होता की मी वाकून त्यांना नमस्कार केला. व्हिडिओवाला बरोबर होता. त्यानं कॅसेटच्या पाठीवरची एक खाच दाखवली, तिथं आधी एक छोटा प्लास्टिकचा दात होता. म्हणाला, "हा मोडला, ताई. आता हिच्यावरचं काही कुणाला चुकूनसुद्धा पुसता येणार नाही. जन्मभराची काळजी मिटली."

आम्ही ती लावली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई. पाटीवर सनई, रांगोळीवर सनई, भटजी तोंड हलवतायत आणि सनई. आत्याबाई पदर सावरत होत्या. हार घालताना हे वाकले. खोली अगदी शांतपणे, भक्तिभावानं बघत होती. काका म्हणाले, "आता कसं!"

मी वर्गातल्या मुलांवर चार-आठ दिवस विनाकारण खेकसले. त्यांचा काय दोष.

पुढं पिंपरीच्या आमच्या खोलीत आईसाठी टीव्ही आणि यंत्र भाड्यानं आणलं. पॅकिंगच्या सगळ्या बायका आल्या. आई मागं, दाराला टेकून बसली. स्वतःच्याच घरात मागं. मंगलाष्टकं आल्यावर मात्र तिनं मान वर केली आणि पापणी न हलवता बघितलं. हार घालून झाल्यावर म्हणाली, "पुरला की गं हात." एवढंच. तेवढ्यासाठी मी त्या व्हिडिओला, काकांना, सनईला, सगळ्यांना माफ करायला तयार होते. बायका गेल्यावर मी तिला सांगितलं की यात तुझा आवाज होता, तो पुसला.

"व्हय? काय म्हनत हुते मी?"

मी सगळं सांगितलं. जाड बाईंचं सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. बाकीचं ऐकून म्हणाली, "म्हनलं आसंल. मला कुटं ध्यानात हाय." आणि मग, "काडलं ते बरं जालं. तुजं लगीन, त्यात माजी वटवट कशाला?"

मी भांडले. तुला स्वतःची किंमत नाही, तू मला तुझं काही म्हणून ठेवू देत नाहीस, असं बरंच. ती भांडी विसळत राहिली. माझा जीव तुटत होता आणि तिला मी दमलेली वाटत होते. म्हणाली, "जेवून जा. वांगं केलंय."

त्याच्या पुढच्या थंडीत ती गेली. सकाळी पाळीवर जायला निघाली, गल्लीच्या तोंडाशी बसली ती बसलीच. मला पाचवा महिना होता. आमच्या घरचं पाणी प्यायला ती मोकळी होणार होती, त्याच्या आत.

तेराव्याला लावायला फोटो नव्हता. कारखान्यातून तिचा गेटपास मिळाला. त्यावरचा टपाल तिकिटाएवढा चेहरा मोठा करून घ्यायला मी त्याच व्हिडिओवाल्याकडे गेले. मोठा केल्यावर त्यात आई कमी आणि ठिपके जास्त दिसत होते. डोळे कुठं आहेत ते माहीत असलेल्यालाच कळावं. मी तो हातात घेऊन बसले आणि त्याला विचारलं, सनईखालचा आवाज परत काढता येतो का.

त्यानं यंत्र उघडून दाखवलं. चित्र टेपच्या मधल्या भागात असतं आणि आवाज एका कडेला, अगदी बारीक पट्टीत. चित्राला धक्का न लावता नुसती ती पट्टी नव्यानं भरता येते. नवं भरताना जुनं आधी पुसलं जातं. "खाली काही राहत नाही, ताई," तो म्हणाला. "सनई वर आणि आवाज खाली असं नसतं ते. तिथं फक्त सनई आहे." त्यानं हे हळू आवाजात सांगितलं. माझ्या लग्नाची दुसरी कॅसेट त्याच्याकडे नव्हती. होती ती तीच, लग्नात भरलेली.

मग माझ्या लक्षात आलं की त्या बोलण्यातला दुसरा माणूस माझ्यासमोर उभा आहे. म्हटलं, तुम्ही तिला सगळं सांगत होतात, आठवतं का? अंतरपाट, हार, मी काय करतेय ते. तो आठवू लागला. मनापासून आठवत होता. "वायर सांभाळणाऱ्या मावशी ना? त्यांच्यामुळं त्या दिवशी नंतर एकदाही प्लग निघाला नाही." बोलण्याचं मात्र त्याला काही आठवेना. रोज लग्नं, कुणी ना कुणी काहीतरी विचारतंच. "त्यांनी तुमच्या साडीचा रंग विचारला होता का?" तो म्हणाला. नव्हता विचारला. ते दुसऱ्या कुणाच्या तरी आईनं विचारलं असणार.

म्हणजे आता ते सगळं माझ्याकडेच होतं. आईला आठवत नव्हतं आणि ती गेली, त्याला आठवत नव्हतं. मी ते घोकायला लागले. शाळेत जाताना बसमध्ये, पोळ्या लाटताना. बाळाबाळंतिणीचे दिवस सरले, मुलगी रांगायला लागली, तेव्हा यांनी हौसेनं घरात व्हिडिओचं यंत्र घेतलं. त्या दुपारी मी कॅसेट लावली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. सनई गेली. बोहल्यावर मी उभी होते, आणि मी ते शब्द म्हणायला लागले. आता काय चाललंय. अंतरपाट धरलाय अजून. आनि आता. आईसारखं हळू, घशातल्या घशात. जमत नव्हतं, पण चित्राशी जुळत होतं. हार घालताना 'हात पुरतोय का' बरोबर पडलं. हे वाकले. मी थांबले, जेवढी ती थांबली होती तेवढी, आणि म्हणाले, "ती रडती का?"

हे दारात उभे होते. पहिल्या पाळीहून आलेले, हातात डबा. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"ते नव्हतं त्यात," हे म्हणाले.

"काय नव्हतं?"

"रडती का, असं. 'वाकले व्हय' म्हणाल्या आणि मग टाळ्याच होत्या. त्यांचं पुढं काही नव्हतं." ते आत येऊन बसले. "तू आत निघून गेलीस ना तेव्हा. मी तुझ्यामागं आलो होतो. रडतेस का, असं मी विचारलं होतं तुला, स्वयंपाकघरात."

मी म्हणाले, तुम्हाला काय आठवतंय, तुम्ही त्या दिवशी शिफ्टच्या घाईत होता. यांनी डबा खाली ठेवला. यांचा स्वभाव वाद घालायचा नाही, आणि खोटं बोलायचाही नाही, त्याचंच मला भय वाटलं. आईनं मला त्या दिवशी विचारलं होतं, माझ्या मनाचं एवढं एकच विचारलं होतं, आणि त्याच्यावरच मी इतके महिने काढले होते.

"विचारलं होतं," मी पुन्हा म्हणाले.

"असेल," हे म्हणाले.

टीव्हीवर माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या. आमच्यातलं कोण बरोबर ते ठरवायला ही एकच कॅसेट होती. मी पुढं होऊन आवाज वाढवला, आणि सनई वाजायला लागली.